रक्तपेशी मोजणारे यंत्र आणि सागरातील सूक्ष्म वनस्पती

सागरातील जीवसृष्टीचा विचार करताना मासे, कोळंबी, प्रवाळ यांचीच आठवण प्रथम होते. परंतु या सर्वांचे अन्न अखेर ज्यावर अवलंबून असते, त्या वनस्पतिप्लवकांपैकी बहुसंख्य पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा भाग सागरात घडतो. असे असूनही या वनस्पतींपैकी संख्येने सर्वांत मोठा गट 1985 सालापर्यंत शास्त्रज्ञांना अज्ञात होता.

त्याचा शोध लागला तो मुख्यतः वैद्यकीय संशोधनासाठी विकसित झालेल्या एका यंत्रामुळे. फ्लो सायटोमीटर, म्हणजेच पेशीप्रवाहमापक, हे ते यंत्र होय. त्यात द्रवाची अतिशय बारीक धार वाहवली जाते व पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून जातात. विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीच्या आकारमानाचा अंदाज येतो. रक्तपेशी ओळखण्यासाठी बहुधा चमकणारे रंगद्रव्य वापरावे लागते. वनस्पतिप्लवकांतील हरितद्रव्य मात्र स्वतःच तांबडा प्रकाश देते. त्यामुळे सेकंदाला हजारो पेशींची नोंद घेता येते.

अमेरिकेतील सॅली चिझम व रॉबर्ट ओल्सन यांनी हे यंत्र सागरी पाण्यासाठी वापरले. तेव्हा नोंदींच्या कडेला अत्यंत क्षीण संकेत दिसू लागले. प्रथम तो यंत्रातील विद्युत् गोंगाट वाटला. परंतु पाण्याच्या खोलीनुसार संकेत बदलत असल्याचे आढळून आले. गोंगाट खोलीप्रमाणे बदलत नाही. अर्थात त्या सजीव पेशीच होत्या. 1988 साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि 1992 साली या जीवाला प्रोक्लोरोकॉकस हे नाव मिळाले. त्याची पेशी इतकी लहान असते की एका मिलिमीटरमध्ये हजाराहून अधिक पेशी ओळीने बसतील. उष्ण सागराच्या एका मिलिलिटर पाण्यात त्या लाखाच्या संख्येनेही असू शकतात.

आपल्या अरबी समुद्रातही 1995 सालच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत याच तंत्राने मोजणी करण्यात आली. पोषकद्रव्ये कमी असलेल्या पाण्यात हा जीव विपुल आढळला. मोसमी वाऱ्यांमुळे खोलवरील पोषकद्रव्ये वर आलेल्या पाण्यात मात्र मोठ्या पेशींचे प्रमाण अधिक होते. सागराच्या अन्नसाखळीत होणारे बदल ओळखण्यास अशा नोंदी उपयोगी पडतात.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसमोर ही हकिगत अवश्य मांडावी. जे दिसत नाही ते नाहीच, असे मानणे योग्य नव्हे. निरुपयोगी वाटणारी नोंद टाकून देण्यापूर्वी ती पुन्हा तपासून पाहणे, हाच शास्त्रीय दृष्टिकोन होय.