नवी लादी घालण्याआधी जुनी जमीन काढा



चतुर्थीआधी घरात लादी घालायची म्हणून गटातून कर्ज घेणाऱ्या ताई बऱ्याच असतात. कुणाला पर्यटकांसाठी खोली तयार करायची असते. गवंड्याच्या अंदाजात लादी, सिमेंट, मजुरी सगळं असतं. जुनी जमीन काढण्याचा खर्च मात्र नसतो. मग लादी जुन्या जमिनीवरच बसते आणि एक-दोन पावसाळ्यांत पोकळ वाजू लागते. कर्जाचे हप्ते मात्र चालूच!

असं का होतं? सारवलेल्या जमिनीत वर्षानुवर्षांचे शेण-मातीचे थर असतात. आपल्याकडच्या पावसात ते ओल धरतात, मऊ होऊन दबतात. खालचं दबलं की वरची लादी सुटते, तडकते.

म्हणून हे लक्षात ठेवा:

१. सारवलेली जमीन असेल तर सगळा मऊ थर कुदळीने काढा. कडक मुरूम किंवा जांभा लागला की थांबा. भिंतीच्या पायाखाली मात्र खणू नका. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ३ इंच खणलं, तर ३० घनफूट माती निघते. चौघीजणी मिळून हे काम करू शकतो, तेवढी मजुरी वाचते. ही माती माडांच्या आळ्यात घाला.

२. सिमेंटचा कोबा असेल तर हातोडीने ठोकून बघा. आवाज भरीव आला तर कोबा राहू दे. फक्त छिन्नीने टाचे मारून खरखरीत करून घ्या. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग फोडा. वर प्लास्टिकचं मॅट चिकटवलेलं असेल, तर ते गोंदासकट खरवडून काढा.

३. फोडताना पाणी मारा, मास्क लावा. ही धूळ फुप्फुसांना वाईट.

४. भराव मुरुमाचाच घ्या. थोडा थोडा पसरा, पाणी मारा, चोपा. किनाऱ्यावरची वाळू नको. तिच्यातलं मीठ ओल ओढतं. काँक्रीटखाली जाड प्लास्टिक अंथरायला सांगा. काँक्रीटवर निदान ७ दिवस पाणी मारा.

५. उंची आधीच मोजा. नाहीतर लादी बसल्यावर दार उघडत नाही.

गवंड्याकडून अंदाज घेताना ‘जुनी जमीन काढणे व भराव’ ही ओळ वेगळी लिहून घ्या आणि कर्जाची मागणी तो आकडा धरूनच करा. पैसे कमी पडत असतील तर यंदा एकच खोली करा, पण पायापासून नीट करा.

पुढच्या बैठकीत कर्जाचा अर्ज मंजूर करताना ही ओळ आहे का, हे सगळ्यांनी मिळून बघूया.