‘पहिला’ या शब्दाचा अभ्यास

सामान्यज्ञानाची परीक्षा जवळ आली, की शाळेच्या व्हरांड्यातून जाताना एक ठराविक घोष आमच्या कानी पडतो. भारताची पहिली स्त्री-डॉक्टर कोण? आनंदीबाई जोशी. ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक कोणाचे? खाशाबा जाधव यांचे. पहिला छापखाना कोठे निघाला? गोव्यात. लोकसभेचे पहिले अध्यक्ष कोण? गणेश वासुदेव मावळंकर. एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे; पाढ्यांप्रमाणे हे चाललेले असते. पाठांतराला आमचा मुळीच विरोध नाही. स्मरणात काही असल्यावाचून विचार तरी कशाचा करावयाचा? परंतु एकदा एका वर्गात आम्ही सहज पुढचा प्रश्न विचारला, “आनंदीबाईंनी स्वदेशी परतल्यावर किती वर्षे रुग्णसेवा केली?” कोणी दहा म्हणाले, कोणी तीस. खरे उत्तर ‘एक दिवसही नाही’ असे आहे, हे सांगताच वर्ग स्तब्ध झाला. त्या दिवसापासून हा लेख आमच्या मनात घोळत होता.

विद्यार्थिमित्रहो, ‘पहिला’ हा शब्द दिसावयास सोपा आहे. पण तो समजून घ्यावयाचा असेल तर त्याला तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, पण नेमका कशात? पहिला झाला, तो कोणाच्या आधाराने? आणि त्याच्या मागून कोण आले, किती काळाने आले? हे तीन प्रश्न घेऊन आपण परिचित नावांकडे पुन्हा एकदा पाहू.

पहिला प्रश्न नेमकेपणाचा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष मावळंकर यांचा जन्म १८८८ साली बडोद्यात एका मराठी कुटुंबात झाला, आणि १५ मे १९५२ रोजी लोकसभेने त्यांना अध्यक्षपदी निवडले. म्हणून कायदेमंडळाच्या अध्यक्षपदावर बसणारे ते पहिलेच भारतीय, असे कोणी लिहिले तर ते चुकीचे ठरेल. इंग्रजी अमदानीतील मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदी विठ्ठलभाई पटेल १९२५ सालीच निवडून आले होते. आणि त्याच कायदेमंडळाचे शेवटचे अध्यक्ष स्वतः मावळंकर होते. जुन्या सभागृहाचा शेवटचा अध्यक्ष नव्या लोकसभेचा पहिला अध्यक्ष व्हावा, ही गोष्ट नुसते नाव पाठ करणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. एक शब्द नीट वाचला, की सभागृह बदलले तरी कामकाजाचा अनुभव कसा पुढे नेला गेला, ते दिसू लागते.

खाशाबा जाधव यांच्याविषयीचे वाक्यही असेच तपासून पाहा. ‘स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक’ असे ते पूर्ण वाक्य आहे. यातील ‘वैयक्तिक’ हा शब्द गाळला, तर १९२८ सालापासून सुवर्णपदके आणणाऱ्या हॉकी संघांवर अन्याय होतो. ‘स्वतंत्र’ हा शब्द गाळला, तर १९०० साली पॅरिस येथे धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळविणारे कलकत्त्याचे नॉर्मन प्रिचर्ड विस्मृतीत जातात. विशेषण ही वाक्याची शोभा आहे असे आपण व्याकरणाच्या तासाला समजतो; येथे ते सत्याचे कुंपण आहे.

आनंदीबाईंचे उदाहरण याहूनही बोलके आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. ही पदवी मिळविली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून कादंबिनी गांगुली या बंगाली विदुषीने वैद्यकशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला, आणि १९२३ साली मृत्यू येईपर्यंत त्या हा व्यवसाय करीत राहिल्या. आमच्या रुखमाबाईंनी विलायतेत शिक्षण घेऊन १८९४ साली पदवी मिळविली व नंतर सुरत आणि राजकोट येथे तीस वर्षांहून अधिक काळ स्त्रियांची सेवा केली. मग पहिली कोण? परदेशी जाऊन पदवी घेणारी, मायदेशी शिकून आयुष्यभर व्यवसाय करणारी, की एवढा दीर्घ काळ रुग्णालये सांभाळणारी? आमच्या मते येथे एकीला मोठे करण्यासाठी दुसरीला लहान करण्याचे कारण नाही. प्रत्येकीने एक वेगळे दार उघडले, आणि कोणते दार कोणी उघडले हे अचूक सांगणे हाच तिघींचा खरा सन्मान होय.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जो पहिला होतो, तो एकटाच होतो काय? आनंदीबाईंचा विवाह नवव्या वर्षी झाला. चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला आणि वैद्यकीय मदतीअभावी तो दहाच दिवसांत गेला. स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हवी, हा त्यांचा निर्धार त्या दुःखातून जन्मला. पती गोपाळराव यांनी त्यांना शिकविले, आणि पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत पत्रव्यवहार केला. त्यातील एक पत्र तेथील एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सी प्रांतातील रोसेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते वाचले आणि एका अनोळखी हिंदू मुलीला आपल्या घरी आश्रय देऊ केला. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई एकट्या समुद्रपार गेल्या, त्या या बाईंच्या भरवशावर. परत येताना त्यांच्या हाती पदवी होती आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाची नेमणूकही होती; पण देहात क्षय शिरलेला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना स्थान मिळाले. तेव्हा ‘आनंदीबाई जोशी’ हे उत्तर लिहिताना त्यामागे एक हट्टी पती, एक परदेशी माउली आणि दहा दिवसांचे एक बालक उभे आहे, हे विसरू नये.

खाशाबांचेही तसेच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल लाल मातीत घडला. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने तो लंडनला गेला, आणि मातीऐवजी गादीवर, अपरिचित नियमांनी लढूनही आपल्या वजनगटात सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची पात्रता होती, पण प्रवासाचा खर्च कोठून आणावा? गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका शिष्यासाठी गुरूने घर गहाण टाकावे, हा प्रसंग आम्हां शिक्षकांना विशेष विचार करावयास लावतो. खाशाबांनी कांस्यपदक आणले. शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. त्यानंतर या वीराने पहिले काम कोणते केले असेल? कुस्त्यांचे फड भरवून, त्यांत स्वतः लढून, त्यांनी गुरूचे ऋण फेडले. पदकाबरोबर ही गोष्टही आपल्या वहीत उतरवून ठेवण्याजोगी आहे.

तिसरा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच्या मागून कोण आले? वाट एकदा मोडली म्हणजे ती आपोआप वाहती राहते असे नाही. गोव्याच्या छापखान्याचेच पाहा. १५५६ साली पोर्तुगालहून एक मुद्रणयंत्र ॲबिसिनियाला जाण्यासाठी निघाले होते. वाटेत ते गोव्यात उतरले आणि येथेच राहिले. जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात त्यावर छपाई सुरू झाली. हिंदुस्थानातील हा पहिला छापखाना. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण लिपी मात्र रोमन. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातील मुद्रण थंडावले, ते १८२१ पर्यंत पुन्हा सुरू झाले नाही. ज्या भूमीने देशाला पहिले यंत्र दाखविले, तिलाच सुमारे दीडशे वर्षे छापील अक्षरावाचून काढावी लागली. पहिला होण्याचा मान एकदा मिळतो. पण काम चालू ठेवण्याचा प्रयत्न रोज करावा लागतो.

याच्या उलट बडोद्याचे उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला. बाराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. त्याच सयाजीराव महाराजांनी १८९३ साली आपल्या राज्यातील अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि १९०६ साली तो कायदा सर्व राज्याला लावला. मुलांप्रमाणे मुलींनाही तो लागू होता. हिंदुस्थानात हे प्रथमच घडत होते. या प्रयोगाचा दाखला देऊन नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९५० च्या राज्यघटनेने दहा वर्षांची मुदत घालून दिली, तीही उलटून गेली. अखेर २००२ साली घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. अमरेलीपासून येथवर ११७ वर्षे लागली. आज आपण बाकावर बसतो तेव्हा ही एवढी वाट आपल्या मागे आहे.

खेळातही मागून येणाऱ्यांनी फार वाट पाहावयास लावली. खाशाबांनंतर दुसरे वैयक्तिक पदक लिअँडर पेस यांनी १९९६ साली अटलांटा येथे मिळविले. मध्ये ४४ वर्षे गेली. स्त्रियांत पहिले पदक कर्णम मल्लेश्वरी यांचे, २००० साली सिडनी येथे. पहिले वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्रा यांचे, २००८ साली बीजिंग येथे. महाराष्ट्राला तर दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी ७२ वर्षे थांबावे लागले. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. खाशाबांना हे पाहावयास मिळाले नाही. पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या या मल्लाचे १९८४ साली अपघाती निधन झाले. हयातीत त्यांना अर्जुन पुरस्कार वा पद्म पुरस्कार लाभला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागारास आता त्यांचे नाव आहे. पहिल्याची कदर करावयास समाजाला कधी कधी फार उशीर होतो, हाही या अभ्यासातील एक धडा आहे.

आतापर्यंत आम्ही नामवंतांविषयी लिहिले. शेवटी एक अशी घटना सांगतो, की जिच्यातील ‘पहिल्या’ व्यक्तींची नावे कोणत्याच यादीत नाहीत. १९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार १७ कोटींहून अधिक, आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक पक्षाला चिन्ह दिले व निरनिराळ्या पेट्या ठेवल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे मतदारयादी आली, तेव्हा तीत लाखो स्त्रियांनी स्वतःचे नावच सांगितले नव्हते. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच त्यांची नोंद होती. सेन यांनी निश्चय केला, की मत देणाऱ्याला स्वतःचे नाव असलेच पाहिजे. नावे देण्यास मुदत दिली गेली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळाव्या लागल्या. निर्णय कठोर होता. पण ज्या कोट्यवधी स्त्रियांनी नाव सांगितले, त्यांतील कितीतरी जणींनी परक्या माणसापुढे ते त्या दिवशी प्रथमच उच्चारले असेल. आमच्या दृष्टीने त्या प्रत्येकीचे ते ‘पहिलेपण’ हेलसिंकीच्या पदकाइतकेच मोलाचे आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या वर्षी आम्ही तुम्हांला एक स्वाध्याय देत आहोत. सुटीत घरी गेल्यावर आजीआजोबांजवळ बसा आणि विचारा: आपल्या घरात पहिल्याने शाळेत कोण गेले? घरातील कोणत्या बाईने प्रथम स्वतःची सही केली? आपले कुटुंब हे गाव सोडून त्या गावी आले, तेव्हा पहिले पाऊल कोणी टाकले? उत्तर मिळाले, की थांबू नका. वरचे तीन प्रश्न विचारा. नेमके काय झाले, कोणी आधार दिला, मागून कोण आले. जे कळेल ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. एखाद्या घरात असेही आढळेल, की त्या यादीत एक जागा अजून रिकामी आहे. ती कोणी भरावयाची, हे त्या वहीच्या मालकाला आम्ही वेगळे सांगावयास नको.