उधारीची यादी दुसऱ्या संगणकावर बिघडते कशी?

दुकानातील संगणकावर एक्सेलमध्ये केलेली उधारीची यादी कर सल्लागाराकडे जाते, भागीदाराच्या मोबाईलवर गूगल शीट्समध्ये उघडते, तर कोणी ती लिब्रेऑफिसमध्ये पाहतो. आकडे तेच असतात, पण दिसतात मात्र निराळे. मग मुनीम चुकला की संगणक, असा वाद सुरू होतो. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. पुढील जागा क्रमाने तपासाव्यात. तत्पूर्वी मूळ फाईलची एक प्रत वेगळी ठेवावी व दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवरच करावी.

१) तारीख : समजा, पांढरकवड्याच्या कापूस व्यापाऱ्याला ५ एप्रिल २०२५ ही देण्याची मुदत नोंदवायची आहे. त्याने ५/४/२०२५ असे टाईप केले. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर तो ती ४ मे धरतो आणि मुदत महिनाभर पुढे जाते. २५/४/२०२५ टाकल्यास पंचविसावा महिना नसल्यामुळे संगणक तो नुसता मजकूर समजतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : खरी तारीख चौकटीच्या उजव्या कडेला राहते, मजकूर डाव्या कडेला. यावर उपाय म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा : २०२५-०४-०५. येथे अंक देवनागरीत छापले आहेत. संगणकावर इंग्रजी अंकच टाकावेत.

तारखा बरोबर चार वर्षे एक दिवस, म्हणजे १४६२ दिवसांनी सरकल्या असतील तर कारण वेगळे आहे. मॅकवरील जुने एक्सेल दिवसांची मोजणी १९०४ पासून करी, विंडोजवरील १९०० पासून करते. अशा दोन फाईलींत तारखा एकीतून दुसरीत चिकटवल्या की हा फरक पडतो.

२) खाते क्रमांक : एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच नेमके सांभाळते. सोळा अंकी क्रमांक टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्येही गळतात. रक्कम भलत्या खात्यात जाण्याचा धोका येथेच आहे. म्हणून क्रमांक लिहिण्यापूर्वीच त्या स्तंभाला ‘टेक्स्ट’ हा प्रकार द्यावा. नंतर देऊन गेलेले अंक परत येत नाहीत.

३) मराठी नावे : कृतीदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये आत वेगळीच अक्षरे साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. तो फाँट समोरच्या संगणकावर नसेल तर गिऱ्हाइकाचे नाव वाचताच येत नाही. नावे युनिकोडमध्ये लिहावीत. सीएसव्ही फाईल करायची असेल तर ‘यूटीएफ-८’ प्रकार निवडावा.

४) ओळींची मर्यादा : जुन्या एक्सएलएस फाईलच्या एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. इंग्लंडच्या आरोग्य खात्यात २०२० साली जुना प्रकार वापरल्यामुळे कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. मोठ्या यंत्रणेची ही गत, तर आपण सावध राहिलेले बरे.

५) दोन हात, एक फाईल : फाईल ‘रीड ओन्ली’ उघडली तर बहुधा ती दुसरीकडे उघडी असते. अशा वेळी नव्या नावाने प्रत करू नये, नाहीतर दोन वह्या तयार होतात. दोघांनी एकाच वेळी लिहायचे असेल तर गूगल शीट्सवर एकच फाईल ठेवावी. कोणी काय बदलले याचा इतिहास तेथे राहतो. मात्र एक्सेलचे मॅक्रो तेथे चालत नाहीत.

शेवटी ताळा. फाईल पाठवताना सोबत चार गोष्टी कागदावर किंवा संदेशात लिहून द्याव्यात : एकूण नोंदी, एकूण जमा, एकूण नावे आणि सर्वांत अलीकडची तारीख. समोरच्याने फाईल उघडताच त्या जुळवून पाहाव्यात. सोबत दोन-तीन खाते क्रमांकही बँकेच्या पासबुकाशी ताडून घ्यावेत. जुळले तरच पुढचे काम करावे. न जुळल्यास पैसे देणे आणि विवरणपत्र भरणे दोन्ही थांबवावे.