वादळाने पत्रे उडाले, तर विम्याचा क्लेम करावा का?

वादळी वाऱ्याने घराचे नुकसान झाल्यावर विम्याचा क्लेम करायचा की दुरुस्ती खिशातून भागवायची, हे दोन गोष्टींवर ठरते: नुकसान कशामुळे झाले आणि किती झाले. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात हा प्रश्न बहुधा मान्सूनपूर्व पावसात उभा राहतो. खाली स्लॅबचे घर, वर भाडेकरूसाठी पत्र्याची खोली, गच्चीवर पाण्याची टाकी आणि अलीकडे सौर पॅनेल अशी घरे या भागात पुष्कळ आहेत. वारा सुटला की आधी पत्रे जातात.

लोक क्लेम टाळतात त्याचे कारण गाडीच्या विम्यात आहे. तिथे क्लेम न केलेल्या वर्षांची सूट २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढते आणि एका क्लेमने जाते, म्हणून किरकोळ काम घरच्या पैशाने करणे परवडते. घराच्या विम्याला हा हिशेब लावणे चूक आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत अशी चढती सूटच नाही. क्लेम दिल्यानंतर विमा रक्कम पूर्ववत होते. त्यासाठी उरलेल्या मुदतीचा, दिलेल्या रकमेच्या प्रमाणातला हप्ता तेवढा कापला जातो. पॉलिसी वेगळी असेल तर मात्र सुरुवातीची किती रक्कम मालकाने सोसायची, हे कागदावर पाहून घ्यावे. ज्यांनी गृहकर्ज घेतले आहे त्यांची पॉलिसी अनेकदा बँकेच्या फाइलमध्येच पडून असते. ती मागून घ्यावी. अशा पॉलिसीत क्लेमची रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

खरा पेच कारणाचा असतो. वादळ, पूर, वीज कोसळणे, झाड पडणे यांनी झालेले नुकसान विम्यात येते. जुनी गळती, भिंतीची ओल, गंजून सैल झालेले हुक येत नाहीत. एकाच पावसात दोन्ही प्रकारचे नुकसान दिसते आणि तिथेच घोटाळा होतो. इथल्या एका घरमालकाचा अनुभव असाच आहे. पत्रे उडाल्यावर त्यांनी लगेच नवे बसवून घेतले आणि वाकलेले भंगारात दिले. त्यानंतर क्लेम करताना खालच्या मजल्यावरची जुनी ओलही त्यात घातली. सर्वेअर आला तेव्हा दाखवायला पत्रे नव्हते आणि ओलीचे डाग जुने असल्याचे उघड दिसत होते. ओलीचा खर्च नाकारला गेलाच, पण पत्र्यांची रास्त मागणीही संशयात सापडून कापली गेली.

म्हणून आधी कळवावे, मग ठरवावे. कंपनीला खबर दिली म्हणजे क्लेम केलाच पाहिजे असे नाही. खर्चाचा अंदाज आल्यावर तो सोडता येतो. उशिरा कळवल्याने झालेले नुकसान मात्र भरून निघत नाही. ताडपत्री टाकून पाणी अडवणे योग्यच, उलट ते मालकाचे कर्तव्य आहे. पण कायमची दुरुस्ती पाहणीनंतरच करावी आणि तुटलेला पत्रा, वाकलेला अँगल जपून ठेवावा. फॅब्रिकेटरकडून पत्रे, अँगल आणि मजुरी यांचा वेगवेगळा अंदाज लेखी घ्यावा. त्या दिवशीच्या वाऱ्या-पावसाची चिकलठाणा वेधशाळेतील नोंद हा चांगला पुरावा ठरतो. क्लेम फॉर्म ३० दिवसांच्या आत द्यावा.

दोन-चार पत्रे आणि एका दिवसाची मजुरी एवढेच नुकसान असेल तर क्लेमच्या मागे लागू नये. छप्परच गेले, सौर पॅनेल फुटले किंवा आतले सामान भिजले, तर क्लेम सोडणे म्हणजे भरलेला हप्ता वाया घालवणे होय. ‘भारत गृह रक्षा’त इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत घरातले सामान आपोआप धरलेले असते. वादळानंतरच्या ७ दिवसांत त्या पडझडीमुळे चोरी झाली तर तीही येते. विमा रक्कम घराच्या किमतीपेक्षा कमी होती म्हणून क्लेम त्या प्रमाणात कापला जात नाही; पण चटई क्षेत्र खरे नोंदवलेले हवे. वरची पत्र्याची खोली नोंदवायची राहिली असेल, तर ती वादळाआधीच नोंदवून घ्यावी.

महसूल विभागाचा पंचनामा विमा असला तरी करून घ्यावा, कारण त्याची प्रत क्लेमला उपयोगी पडते. केवळ सरकारी मदतीवर मात्र विसंबू नये. २०२२ ते २०२६ या काळाच्या आपत्ती निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये धरले आहेत. एवढ्यात छप्पर उभे राहत नाही.

क्लेम नाकारला किंवा कापला गेला तर त्याची कारणे लेखी मागावीत आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. छत्रपती संभाजीनगरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.