बुटक्या सिक्लिड माशांसाठी टाकी केवढी असावी?

परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन हा अल्प जागेत होणारा जोडधंदा आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही त्याचा समावेश करण्यात आला. परंतु या धंद्यात प्रथमच पडणारा मनुष्य बहुधा टाकीच्या खर्चात काटकसर करतो, आणि नुकसानीस तेथूनच प्रारंभ होतो. लहान टाकीत जोडीतील एक मासा दुसऱ्यास मारून टाकतो. जोडी मोडली की तिच्यापासून मिळणारी पिलेही गेली. म्हणून मासे विकत घेण्यापूर्वी टाकीचे माप ठरवावे. ते कसे ठरवावे, हे या पाठात पाहू.

१. हे मासे कोणते?

सिक्लिड कुळ आपणांस अगदीच अपरिचित नाही. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया आणि कोकणच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर हे याच कुळातील होत. त्यांपैकी सुमारे दहा सेंटिमीटरपेक्षा अधिक न वाढणाऱ्या जातींना बुटके सिक्लिड म्हणतात. त्यांतील तीन जाती येथे विचारात घेतल्या आहेत.

रामिरेझी : मूळ स्थान व्हेनेझुएला व कोलंबिया या देशांतील ओरिनोको नदीचे खोरे. लांबी सुमारे ५ सें. मी. नर व मादी सपाट दगडावर अंडी घालून दोघेही त्यांची राखण करतात.

क्रिबेन्सिस : मूळ स्थान पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया व कॅमेरून. नर सुमारे १० सें. मी., मादी त्याहून लहान. अंडी कपारीत घालतात.

कॉकाटू अ‍ॅपिस्टोग्रामा : मूळ स्थान अ‍ॅमेझॉनचे खोरे. नर सुमारे ८ सें. मी., मादी ५ सें. मी. एका नराच्या हद्दीत अनेक माद्या राहतात व प्रत्येक मादी आपली स्वतंत्र कपार राखते.

२. उंची नव्हे, तळ पाहावा

हे मासे बहुतेक वेळ तळाशी वावरतात आणि तळाचा काही भाग आपल्या मालकीचा मानतात. शेताच्या बांधावरून भांडण व्हावे, तसे त्यांचे भांडण हद्दीवरून होते. अंडी असताना ते अधिकच तीव्र होते. हरलेल्या माशास पळून जाण्यास जागा नसेल, तर तो जखमी होतो अथवा मरतो.

एक उदाहरण घेऊ. ६० × ३० × ३० सें. मी. मापाच्या टाकीत ५४ लिटर पाणी मावते. तीच टाकी उभी करून ३० × ३० × ६० सें. मी. केली, तरीही ५४ लिटरच मावते. परंतु पहिलीचा तळ १,८०० चौ. सें. मी. आहे, तर दुसरीचा केवळ ९०० चौ. सें. मी. शिवाय हवेशी संपर्क येणारा पाण्याचा पृष्ठभागही निम्माच राहतो. सबब उंच टाकी दिसण्यास सुबक असली, तरी या माशांना ती निरुपयोगी होय.

३. खरे पाणी किती?

लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्यास १,००० ने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. मात्र हा आकडा भरलेल्या रिकाम्या टाकीचा झाला. तळाशी ५ सें. मी. वाळू आणि वर ३ सें. मी. मोकळी जागा धरल्यास वरील टाकीत पाण्याची उंची २२ सें. मी. उरते. म्हणजेच ५४ नव्हे, तर सुमारे ४० लिटर पाणी मिळते. औषधाची मात्रा काढताना हाच आकडा धरावा. अन्यथा मात्रा अधिक होऊन मासे दगावतील.

४. किमान मापे

रामिरेझीची एक जोडी : ६० × ३० × ३० सें. मी.
क्रिबेन्सिसची एक जोडी : ८० × ३५ × ३५ सें. मी.
अ‍ॅपिस्टोग्रामाचा एक नर व दोन माद्या : ९० × ४५ × ३५ सें. मी.

अ‍ॅपिस्टोग्रामाच्या माद्यांच्या कपारी टाकीच्या दोन टोकांस ठेवाव्यात. मातीचे फुटके कुंडे किंवा नारळाची करवंटी यासाठी चालते. मधोमध दगड व वनस्पती लावून आडोसा करावा, म्हणजे एकीची नजर दुसरीवर पडत नाही. आडोसा चांगला असला, तरी किमान मापाखाली मात्र जाऊ नये.

दुसऱ्या मापाची टाकी पाणी, वाळू व काच मिळून एक क्विंटलाहून अधिक भरते. तिची बैठक मजबूत व समपातळीत असावी. पत्र्याखाली किंवा दुपारचे ऊन येईल अशा जागी टाकी ठेवू नये; पाणी जितके थोडे, तितके ते लवकर तापते.

५. पाण्याची तरतूद

माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. गाळणीतील उपयुक्त जिवाणू त्याचे रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. त्यांची वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडण्याची घाई करू नये. पुढे दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे.

दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. रामिरेझीच्या अंड्यांस मृदू पाणी लागते. यासाठी स्वच्छ छपरावरील पावसाचे पाणी साठवून मिसळता येते. ४० लिटर पाण्याच्या टाकीत दर आठवड्यास १० लिटर बदलावयाचे, त्यांत निम्मे पावसाचे असावयाचे, तर ऑक्टोबर ते मे या सुमारे ३५ आठवड्यांस १७५ लिटरचा साठा प्रत्येक टाकीमागे हवा. एवढी सोय नसल्यास जड पाण्यास अधिक तोंड देणाऱ्या क्रिबेन्सिसपासून आरंभ करावा.

६. पिलांसाठी वेगळी टाकी

रामिरेझीची मादी एका वेळी दीडशे ते तीनशे अंडी घालते. जोडीच्याच टाकीत इतकी पिले विक्रीयोग्य होणार नाहीत. त्यांच्यासाठी मोठी, पसरट टाकी आधीच सज्ज असावी. ती सिमेंटची असल्यास काही आठवडे वारंवार पाणी भरून व सोडून तिचा क्षार काढून टाकावा.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

शेतकऱ्याच्या घरी जाताना मोजपट्टी बरोबर न्यावी आणि जमिनीवर खडूने टाकीचा तळ आखून दाखवावा. भांडवल दोन लहान टाक्यांपुरतेच असेल, तर तेवढ्यात एक योग्य मापाची टाकी घेण्याचा सल्ला द्यावा. योजनेच्या साहाय्याची चालू स्थिती जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावी. नको असलेले मासे नदी, ओढा वा तळ्यात सोडू नयेत, हेही आवर्जून सांगावे. परदेशी मासा एकदा पाण्यात रुजला, की तो परत काढता येत नाही, हे तिलापियाने आपणांस शिकविले आहे.