डोंगरी गावातील लहान वीजघर : उभारणी व देखभाल

हिमालयाच्या उतारांवर वाहत्या पाण्याकडून काम करून घेण्याची रीत फार जुनी आहे. गढवाल, कुमाऊँ व हिमाचल प्रदेशातील गावांत ओढ्याकाठी ‘घराट’ नावाची पाणचक्की आढळते. पाटाने आणलेले पाणी उतरत्या लाकडी पन्हळीतून खाली सोडले जाते; ते आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळते आणि चाकाच्या उभ्या आसावर बसविलेली जात्याची वरची तळी फिरू लागते. लहान जलविद्युत् योजना ही तत्त्वतः या घराटाचीच पुढची पायरी होय. जात्याच्या जागी जनित्र येते. भारतातील पहिले जलविद्युत् केंद्र याच पर्वतराजीत, दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंग येथे १८९७ साली सुरू झाले. तेथे प्रत्येकी ६५ किलोवॅटचे दोन संच होते. आपल्या देशातील वर्गीकरणानुसार २५ मेगावॅटपर्यंतची केंद्रे ‘लहान’ आणि त्यांतील १०० किलोवॅटपर्यंतची ‘सूक्ष्म’ समजली जातात. येथे विचार करावयाचा आहे तो एका गावापुरत्या, दहा-वीस किलोवॅटच्या योजनेचा.

अशा योजनेत यंत्र हेच मुख्य, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः टरबाइन व जनित्र एका लहानशा खोलीत मावतात. उरलेली सगळी योजना बाहेर, डोंगराच्या अंगावर पसरलेली असते आणि ती बंद पडण्याची कारणेही बहुधा तेथेच सापडतात.

पाण्याचे मोजमाप

मिळणारी वीज दोन गोष्टींवर अवलंबून असते : दर सेकंदाला किती पाणी येते आणि ते किती उंचीवरून खाली पडते. समजा, ओढ्यातून दर सेकंदाला ५० लिटर पाणी घेता येते व उंचीतील फरक ४० मीटर आहे. या पाण्यात सुमारे १९.६ किलोवॅट शक्ती असते. परंतु नळातील घर्षण, टरबाइन व जनित्र यांत तिचा बराच अंश खर्ची पडतो. एकूण कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर हाती येतात ते जेमतेम १२ किलोवॅट.

उंची मोजणे सोपे आहे. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन टप्प्याटप्प्याने उतरत गेले, तरी पुरेसा अचूक आकडा मिळतो. नळीच्या खालच्या टोकाला दाबमापक लावल्यास दर १० मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम दाब वाढतो, त्यावरूनही उंची काढता येते. लहान झऱ्याचे पाणी ठराविक मापाचे भांडे किती सेकंदांत भरते, यावरून मोजावे. मोठ्या ओढ्यात खाच पाडलेली फळी आडवी बसवून खाचेवरील पाण्याची उंची नोंदवावी.

मोजणी कोणत्या ऋतूत केली, याला फार महत्त्व आहे. बर्फाच्या पाण्यावर वाहणारे ओढे ऐन हिवाळ्यात आटतात, तर पावसाच्या पाण्यावरचे ओढे पावसाळ्याच्या तोंडाशी. भाद्रपदातील भरलेला ओढा पाहून यंत्राचा आकार ठरविला, तर वर्षातील कित्येक महिने ते यंत्र अर्धपोटी राहते. शिवाय मोजलेले सगळे पाणी आपले नसते. ओढ्यात काही प्रवाह राहिलाच पाहिजे. खालच्या अंगाला शेतीचे पाट व घराट असतील, तर त्यांचाही त्यावर हक्क आहे. या वाटणीचा निर्णय सर्वांच्या संमतीने आणि लेखी स्वरूपात, बांधकामाआधीच झालेला बरा.

पाण्याची वाट

ओढ्यावर एक बुटका बंधारा घालून पाणी पाटात वळविले जाते. येथे पाणी साठविण्याचा हेतू नसतो, म्हणून पुराचे पाणी बंधाऱ्यावरून निर्वेध जाऊ द्यावे. त्यानंतर गाळ बसविण्याची टाकी येते. हिमालयातील नद्यांच्या वाळूत गारगोटीचे कठीण कण असतात आणि ते वेगाने आपटत राहिले, की पोलादाची पातीही झिजतात. पाट टाकीपाशी रुंद व खोल केला म्हणजे पाण्याचा वेग मंदावतो आणि जड कण तळाशी बसतात. तळाचे दार उघडून हा गाळ नियमाने बाहेर सोडावा लागतो. भरलेली गाळटाकी असून नसल्यासारखीच.

तेथून पाट जवळजवळ समपातळीत, डोंगराच्या कडेकडेने जातो. त्याला सर्वांत मोठे भय गळतीचे. गळणारे पाणी केवळ वाया जात नाही. ते खालची माती भिजवते, भिजलेली माती घसरते आणि तिच्याबरोबर पाटही जातो. म्हणून लहानशी भेग दिसताच ती बुजवावी. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी पाटात न शिरता त्यावरून पलीकडे जावे, अशी सोयही हवी.

पाटाच्या शेवटी एक टाकी व तिच्या तोंडाशी पालापाचोळा अडविणारी लोखंडी जाळी असते. टाकीपासून खाली उतरणारा दाबनळ हा योजनेतील खर्चिक भाग. वळणांवर व उतारावर तो काँक्रीटच्या ठोकळ्यांत घट्ट बसवावा. जाळी अचानक तुंबली, तर नळातील पाणी निघून जाते, आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने नळ चेपू शकतो. यासाठी नळाच्या वरच्या टोकाला हवा आत घेणारी उभी नळी बसवितात. खालची झडप नेहमी सावकाश बंद करावी. धावते पाणी एकाएकी अडविले, तर दाबाची जी लाट उसळते ती नळ फोडू शकते.

वीजघर पुराच्या पातळीच्या वर असावे. जून २०१३ च्या महापुरात उत्तराखंडातील अनेक जलविद्युत् केंद्रांची हानी झाली. मोठ्या संस्थेला असे नुकसान सोसता येते. एखाद्या गावाला ते पुन्हा उभे राहू देत नाही.

यंत्रघर

पडती उंची पुष्कळ व पाणी थोडे असेल तेथे पेल्टन चाक, आणि मध्यम उंचीवर आडव्या प्रवाहाचे टरबाइन योग्य ठरते. आडव्या प्रवाहाचे टरबाइन स्थानिक कारखान्यात बनविता व दुरुस्त करता येते, हा त्याचा मोठा गुण. गावकरी दिवे मालवतात तेव्हा जनित्रावरचा भार कमी होतो आणि त्याची गती वाढू लागते. विजेची वारंवारता ५० हर्ट्झच्या वर जाते. हे टाळण्यासाठी इलेक्ट्रॉनिक भारनियंत्रक उरलेली वीज पाणी तापविणाऱ्या तारांकडे वळवितो. या तारा जळाल्या व कोणाच्या ध्यानात आले नाही, तर गती अनिर्बंध वाढून गावातील उपकरणे निकामी होऊ शकतात. म्हणून त्यांची तपासणी वरचेवर करावी. धारव्यांना वेळच्या वेळी वंगण द्यावे, पण अतिरेक नको. जादा वंगणानेही धारवे तापतात. पट्ट्याचा ताण पाहावा आणि दाब, वारंवारता व चालू तासांची नोंद रोज वहीत करावी. हळूहळू वाढणारा दोष अशा नोंदींतूनच प्रथम उघड होतो.

ही कामे कोणाची?

ही कामे अवघड नाहीत. ती नित्य करावी लागतात, एवढेच. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात शेतीच्या पाटांना ‘कुहल’ म्हणतात आणि त्यांची व्यवस्था ‘कोहली’ पाहतो. आपल्याकडील पाटकऱ्याप्रमाणे तो पाणी वाटतो, तंटे मिटवितो आणि दुरुस्तीसाठी शेतकऱ्यांना श्रमदानाला बोलावितो. ज्या गावाला पाट राखण्याची अशी शिस्त ठाऊक आहे, त्याला वीजघर राखणे परके वाटत नाही. मात्र वीजघराचा चालक फुकट राबेल, ही अपेक्षा चुकीची आहे. त्याला वेतन हवे, त्याच्या हाताखाली शिकणारा दुसरा माणूस हवा, आणि धारवे, पट्टा, नियंत्रकाचे सुटे भाग यांसाठी निधी हवा.

हा पैसा केवळ दिव्यांच्या वर्गणीतून उभा राहणे कठीण. १२ किलोवॅटचे यंत्र अहोरात्र चालले, तर दिवसाला २८८ युनिट वीज देते; पण दिव्यांना ती संध्याकाळचे चार-पाच तासच लागते. दिवसाच्या विजेवर पिठाची चक्की, तेलघाणा किंवा लोकर पिंजण्याचे यंत्र चालविले, तरच चालकाचे वेतन नियमित निघते.

देशातील सर्व गावांपर्यंत वीज पोहोचल्याची घोषणा २८ एप्रिल २०१८ रोजी झाली. तारा आल्या की गावचे वीजघर निरुपयोगी झाले, असे अनेकांना वाटते. परंतु लांबवरून आलेली तार हिमवृष्टीत वा दरड कोसळून तुटली, तर ती जोडली जाईपर्यंत गाव अंधारात राहते. तांत्रिक अटी पाळून व परवानगी घेऊन लहान संच जाळ्याला जोडता येतो. नाही तर तो चक्कीसाठी वेगळा चालविता येतो. हा निर्णय तार गावात येण्यापूर्वीच घेतला पाहिजे. एकदा पाटाची निगा थांबली, की एकाच पावसाळ्यात तो दगडमातीने भरून जातो, आणि तो मोकळा करण्यास लागणारे श्रम वर्षभराच्या देखभालीपेक्षा कितीतरी अधिक असतात.