पदर सुटू नयेत म्हणून

सातपुड्यात अक्राणीच्या बाजूला कोणी कळकाच्या कामट्या काढीत असेल, तर जरा थांबून पाहा. टोकाला कोयता ठोकला की चीर सरसर लांबीकडे धावते. तोच कळक आडवा मोडायचा म्हटले तर धट्टाकट्टा गडीही घामाघूम होईल! कारण कळकात चिवट तंतू उभे असतात आणि त्यांना धरून ठेवणारा गर मऊ असतो. तंतू तोडणे अवघड, पण दोन तंतूंमधला गर फाडणे सोपे. गाठीपाशी मात्र काही तंतू आडवे वळतात. कोयता अडतो तो तेथेच.

आता शेजारच्या धुळे जिल्ह्यात चला. (१ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार त्याचाच भाग होता.) साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्या आहेत. पवनचक्कीचे पाते बहुधा काचतंतूंच्या कापडाचे थर एकावर एक रचून, ते राळेने घट्ट चिकटवून करतात. तंतू मजबूत असतात. दुबळी असते ती दोन थरांमधली राळ. पाते वाऱ्याने सतत वाकते, सरळ होते. राळेत चीर पडली तर ती आतल्या आत पसरते आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. सारख्या जाडीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, की वाकण्याला होणारा त्यांचा विरोध पूर्वीच्या एक चतुर्थांशच उरतो!

यावर उपाय काय? घरी करून पाहा. जुन्या वहीच्या कागदाच्या आठ पट्ट्या खळीने एकमेकींवर चिकटवा. मधल्या दोन पट्ट्यांची टोके तेवढी मोकळी ठेवा. अशा दोन जुड्या करा. वाळल्यावर एकीला दाभणाने आरपार आडवे टाके घाला. आता मोकळी टोके धरून ओढा. पहिली जुडी उलगडत जाईल. दुसरी टाक्यापाशी अडेल.

शास्त्रज्ञही संमिश्र पदार्थांत अशीच शिवण घालतात. दुसरा उपाय राळेचाच: कडक राळ काचेसारखी तडकते, म्हणून तिच्यात रबराचे अतिसूक्ष्म कण मिसळतात. चिरेच्या टोकाशी हे कण ताणले जातात, भोवतालची राळही थोडी ताणते, आणि चिरेला पुढे सरकायला जास्त ऊर्जा खर्चावी लागते.

पण शिवण फुकट मिळत नाही. सुई आरपार जाताना काही तंतू तोडते, काहींना वाकडे करते. तेवढे लांबीतले बळ घटते. म्हणून टाके सरसकट घालीत नाहीत. जोडापाशी, किंवा जाडी एकदम बदलते तेथे, म्हणजे थर सुटण्याची भीती जास्त असते तेथेच ते घालतात.